आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा पेपर तालुक्याच्या गावात, मराठीतून कसा शिकवावा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. इथे राज्यशास्त्र शिकवणारे, शिकलेले आणि नुसतेच वाद घालणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, हे सहावं वर्ष. आजवर माझ्या वाट्याला महाराष्ट्राचं राजकारण आणि पंचायत राज यायचं. ७३वी घटनादुरुस्ती मी झोपेतही शिकवली असती. यंदा आमचे एक सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि एम.ए.चे त्यांचे दोन पेपर माझ्या वेळापत्रकात येऊन पडले: 'भारताचे परराष्ट्र धोरण' आणि 'आंतरराष्ट्रीय सुरक्षा'. चार-चार क्रेडिटचे, म्हणजे प्रत्येकी ६० तास. सरांनी जाताना आपल्या वह्या दिल्या, मनापासून दिल्या. पण त्यांतलं जग सोव्हिएत संघ कोसळल्यावर दोन-चार पानांत आटपतं.

पटावर २२ नावं आहेत, वर्गात येतात नऊ ते तेरा. एक मुलगा पहाटे होडीवर जाऊन मग कॉलेजला येतो. दोघी अंगणवाडीत आहेत. तिघं पोलीस भरतीच्या तयारीत, सकाळी धावून आलेले असतात, त्यामुळे पहिल्या तासाला मागच्या बाकावर माना पडतात. निम्म्याहून जास्त घरांत कोणी ना कोणी आखातात नाहीतर 'शिपवर'.

पहिल्या तासाला मी विचारलं, सुरक्षा म्हणजे काय? एक शब्द आला: 'पाकिस्तान.' पुढची चाळीस मिनिटं मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षाच्या त्या चार दिवसांवर गेली. युद्ध थांबवलं कोणी, आपण अजून पुढे जायला हवं होतं का, पाकिस्तानशी असलेला सिंधू पाणीवाटप करार आपण कायमचा का मोडत नाही. मी पंच झाले होते, शिट्टी मात्र हाती नव्हती. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" मी हसून वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत ते हसू मलाच खुपत होतं.

दुसरं दुखणं शब्दांचं. एका पेपरात उत्तर आलं, 'अलिप्ततावाद म्हणजे जगाच्या भानगडीत न पडणे.' खरा अर्थ अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यापैकी कोणाच्याच गटात न जाणं. मी लाल रेघ मारली खरी, पण चूक मुलाची की शब्दाची? 'डिटरन्स'ला माझ्याकडच्या तीन नोट्समध्ये तीन वेगळे शब्द आहेत, 'प्रतिरोध', 'निवारण' आणि काहीतरी 'भय'वालं. मी तिन्ही फळ्यावर लिहिले. होडीवरून येणारा म्हणाला, "म्हणजे धाक ना?" मी म्हटलं, हो, पण परीक्षेत तसं लिहू नकोस. आता वाटतं, का लिहू नको?

आणि अर्थातच, "मॅडम, नोट्स कधी देणार?"

सुरुवात कुठून करू? आणि वर्गाचा टीव्ही स्टुडिओ होऊ न देता ताजे विषय कसे घेऊ?

सदाशिवपेठी पोर

मॅडम, विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. मी दोन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसलोय. तिथे परराष्ट्र धोरण म्हणजे तक्ता: देश, शेवटची भेट, करार, वादाचे मुद्दे. पाठ केलं की मार्क मिळतात. एम.ए.लाही पेपरात तोच 'सविस्तर चर्चा करा' प्रश्न येतो. तुम्ही कितीही छान शिकवलंत तरी मार्चमध्ये आम्हाला मुद्देच लागतात. तेव्हा नोट्स द्या, मग काय हवं ते शिकवा. नोट्स मिळाल्या की आम्ही ऐकतो. नाही मिळाल्या तर नुसतं लिहून घेत बसतो.

निवृत्त खडू

मॅडम, तुमच्या सरांच्या वह्यांबद्दल वाचलं आणि मान खाली गेली. माझ्या वह्याही अशाच कोणाच्या तरी गळ्यात पडल्या असणार. तळकोकणात ३१ वर्षं शिकवलं, त्यातली पहिली आठ अगदी त्या वह्यांसारखी. 'परराष्ट्र धोरणाचे निर्धारक घटक': भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था, नेतृत्व. फळ्यावर क्रमांक घालून.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. माझ्या वर्गातली एक मुलगी पंधरा दिवस आली नाही. वडील तिथे फिटर होते, फोन लागत नव्हता, पत्र येत नव्हतं. ती परत आली ती तास संपल्यावर थेट टेबलापाशी. "सर, विमान पाठवायचं की नाही हे कोण ठरवतं?" आठ वर्षं निर्धारक घटक शिकवलेल्या माणसाला उत्तर देता आलं नाही. भूगोल ठरवतो, असं सांगणार होतो की काय?

त्या आठवड्यात मी शिकायला लागलो. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापून आला आणि आपल्यावर टीका झाली. पण माणसं बाहेर काढायची तर इराकची मर्जी लागणार होती, कारण वाट इराकमधूनच होती. बसने बगदाद, तिथून जॉर्डन, अमानच्या विमानतळावरून मुंबई. एअर इंडियाची पाचशेच्या आसपास उड्डाणं झाली, लाखाहून जास्त माणसं आली. मुलीचे वडील सप्टेंबरात आले, एक पिशवी घेऊन. आता ती मिठी चूक की बरोबर? हा प्रश्न मी पुढे २३ वर्षं प्रत्येक वर्गाला घातला. ज्यांच्या घरचं कोणी आखातात होतं त्यांची उत्तरं आणि बाकीच्यांची उत्तरं कधी एक झाली नाहीत.

तेव्हा सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: पासपोर्टावरून. मुलांना घरातला एखादा पासपोर्ट आणायला सांगा. काहींवर लिहिलेलं सापडेल की परदेशी कामाला जाण्याआधी एमिग्रेशनची, म्हणजे देश सोडून जाण्याची, तपासणी लागेल. ते कोणाला लागतं? दहावी न झालेल्याला. कोणत्या देशांसाठी? सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिराती, बाहरीन सगळे त्या यादीत. अमेरिका नाही, जर्मनी नाही. का? १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यापर्यंत आपोआप जाल. सरकारला आपल्या कोणत्या नागरिकाची कुठे भीती वाटते, हे त्या एका शिक्क्यात आहे. सुरक्षा म्हणजे 'पाकिस्तान' म्हणणारा वर्ग तासाभरात दुसरीकडे आलेला असतो आणि तुम्ही कोणाला खोडून काढलेलं नसतं.

मग गोवा. माझ्याकडे गोव्याच्या सीमेवरची मुलं असायची, पण तुमच्याकडेही चालेल. १८ डिसेंबर १९६१, भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आहेत आणि न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली आहे. तेव्हा परिषदेत ११ देश होते, १५ नव्हे. ११ खुर्च्या मांडा, वर दोन बिनमताच्या: भारत आणि पोर्तुगाल. प्रत्येकाला एक चिठ्ठी, त्या देशाला त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढंच तिच्यात. बैठकीचं इतिवृत्त संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मिळतं. आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांचं म्हणणं असं की वसाहत मुळातच बेकायदा, तेव्हा तिथे आक्रमण होतच नाही. अमेरिकेचे स्टीव्हन्सन घटनापत्राच्या दुसऱ्या कलमावर बोट ठेवतात: बळाचा वापर करायचा नाही, एवढंच तर ठरलं होतं. पोर्तुगाल नाटोचा सदस्य. मग मतदान. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव: युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या. बाजूने ७, विरोधात ४: सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. मंजुरीला सातच मतं लागत होती. म्हणजे ठराव मंजूर झालेलाच होता, तो अडला एका सोव्हिएत नकाराधिकारावर.

इथे वर्ग गप्प होतो. आपल्याला वाटत असतं जग आपल्या बाजूने होतं.

पोर्तुगाल व्हायला कोणी तयार नसतं. एका वर्षी डिचोलीकडची एक मुलगी झाली आणि इतकी नेटाने भांडली की दोन मुलं तिच्याशी आठवडाभर बोलली नाहीत. तिच्या आजोबांनी १९५५ च्या सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्या होत्या, हे तिने सत्राच्या शेवटी सांगितलं. तिला मी नंतर विचारलं, का घेतलंस पोर्तुगाल? "बाकीच्यांना त्यांचं म्हणणं माहीतच नव्हतं सर."

आता तुमचा टीव्ही स्टुडिओ. माझा एक नियम होता, तो सांगतो. वर्गात 'आपण' हा शब्द बंद. 'आपण त्यांना धडा शिकवला पाहिजे', 'आपण करार मोडला पाहिजे', यातला आपण कोण? मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती? परराष्ट्र सचिव? वैमानिक? की पारावर बसलेले तुम्ही-आम्ही? ज्याचं त्याचं नाव घेऊन वाक्य पुन्हा म्हणायचं. चुकून 'आपण' आलं की फळ्यावर एक रेघ, महिनाअखेर सर्वांत जास्त रेघांवाल्याने सगळ्यांना वडापाव. आपल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, हे किती मोठं सुख आहे बघा. 'आपण' म्हटलं की समोरच्यालाही न विचारता आत ओढलं जातं, आणि निम्मं भांडण तिथेच पिकतं. सिंधू कराराचंच घ्या. १९ सप्टेंबर १९६० ला झालेला करार, एप्रिल २०२५ मध्ये भारत सरकारने स्थगित ठेवला. 'आपण पाणी तोडलं' असं म्हणणाऱ्या मुलाला 'आपण'च्या जागी कोण ते घालायला सांगा. पाकिस्तानच्या वाट्याच्या पश्चिमेच्या नद्यांचं पाणी अडवायला धरण लागतं, ते कोण बांधणार, किती वर्षांत? आवाज आपोआप खाली येतो.

'अलिप्त' या शब्दाबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय. त्या शब्दाने मराठी मुलांचं नुकसान केलंय. तो बदलता येणार नाही, पण त्याला थोरातांची गोष्ट जोडा. कोरियन युद्धानंतर मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२ हजारांवर युद्धकैद्यांचं करायचं काय, यावर तोडगा निघाला तो तटस्थ देशांच्या आयोगाचा. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दोन्ही बाजूंच्या शिव्या खात, दुसऱ्याच्या भांडणातले हजारो संतप्त कैदी सांभाळत बसणं याला कोणी 'भानगडीत न पडणं' म्हणत असेल तर म्हणो.

आणि 'धाक' सोडू नका. होडीवाल्याने बरोबर पकडलंय. धाक म्हणजे 'करशील तर बघ'. 'कर, नाहीतर बघ' ही सक्ती. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी फार कठीण. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, मग सरकारने सीमेवर जवळपास दहा महिने सैन्य उभं केलं. तो धाक होता की सक्ती? वर्गाचे दोन गट पाडा, एक तास आरामात जातो.

भारत-अमेरिका अणुकराराला हापूस आणि जैतापूर ही दोन टोकं घ्या. २ मार्च २००६ ला दिल्लीत बुश यांनी करार जाहीर केला तेव्हा भारतीय आंब्यांची वाट बघतोय असंही सांगितलं. २००७ ला १८ वर्षांची बंदी उठून आंबा अमेरिकेला गेला, तोही कांद्यासाठी बांधलेल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून. आणि जैतापूरजवळच्या माडबनला फ्रेंच अणुभट्ट्या येणार म्हणून मोजणी सुरू झाली. एकाच करारातून कोकणात आंब्याचं गिऱ्हाईक आलं आणि भूसंपादनाची नोटीसही.

सदाशिवपेठी पोराला: नोट्स द्यायच्याच, मॅडम, त्यात कमीपणा नाही. मी देत असे. पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्या हातात असतात. तिथे निबंध मागू नका. मंत्र्यांना एक पानी टिपणी लिहायला सांगा: विषय, पार्श्वभूमी, तीन पर्याय, शिफारस, सही. पानाच्या मागे लिहिलेलं वाचणार नाही, हे आधीच सांगा. पाळा सुद्धा.

डोलकाठी

मॅडम, मी मास्तर नाही. २२ वर्षं नौदलात काढली, आता अलिबागजवळ वाडी बघतो. खडू सरांचं वाचून राहवलं नाही.

तुमची निम्मी पोरं 'शिपवर'च्या घरांतली, तर चाचेगिरी सोडू नका. १९९९ ची 'अलोंड्रा रेनबो' घ्या. जपानी मालकीचं जहाज, इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालं आणि चाच्यांनी पळवलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं, जहाजाला नवा रंग, नवं नाव. नोव्हेंबरात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ते दिसलं. पाठलाग सुरू केला तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'ने (नाव लक्षात घ्या), पकडलं नौदलाच्या 'प्रहार'च्या साथीने. १५ इंडोनेशियन चाचे मुंबईत आणले. इथवर सिनेमा.

पुढचं वर्गासाठी. आपल्या कायद्यात समुद्री चाचेगिरी असा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. परदेशी माणसं, परदेशी जहाज, समुद्र कोणाचाच नाही. जुनी कलमं जोडून खटला चालवला, २००३ ला सत्र न्यायालयाने शिक्षा केली, २००५ ला उच्च न्यायालयातून ते सुटले. स्वतंत्र कायदा यायला २०२२ उजाडलं. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने किनाऱ्यापासून २,६०० किलोमीटरवर 'रुएन' नावाचं जहाज ४० तासांच्या कारवाईनंतर सोडवलं, विमानातून कमांडो उतरवले, १७ खलाशी सुखरूप, ३५ चाचे शरण. तेही मुंबईतच पोलिसांच्या ताब्यात दिले, पण या वेळी हातात कायदा होता. दोन केस शेजारी शेजारी ठेवा. पोरांना कळेल की तोफ सगळीकडे असते, अडतं ते कागदावर.

आणि एक अवघड केस, मोठी मुलं असतील तरच. नोव्हेंबर २००८, एडनचं आखात, आपल्या नौदलाच्या 'तबर'ने गोळीबार करून चाच्यांचं 'मदरशिप', म्हणजे छोट्या होड्या सोडणारं मुख्य जहाज, बुडवलं. देशभर टाळ्या. नंतर कळलं की ते चाच्यांनी पळवलेलं थायलंडचं मासेमारी जहाज होतं, मूळ खलाशी आतच होते. नौदलाचं म्हणणं, आमच्यावर हल्ला झाला म्हणून स्वसंरक्षणात गोळीबार केला. अंधारात समोर बंदुका दाखवणारी बोट आहे, आत कोण ते दिसत नाही. पुलावर, म्हणजे जहाजाच्या ब्रिजवर, तुम्ही उभे आहात. काय कराल? मी अशा पुलावर उभा राहिलोय. खुर्चीत बसून उत्तर देणाऱ्याला मी फार ऐकत नाही, पण विचारावं मात्र जरूर.

अर्धवट पीएचडी

सध्या मुक्काम जर्मनी, संशोधन करता करता पदवीच्या मुलांचा एक सेमिनार घेतो. मूळ सांगलीचा.

खडू सरांचं बहुतेक पटलं, एक सोडून. घरापासून सुरुवात ठीक, पण हापूसवरून सुरू झालेला तास हापूसवरच संपला तर मुलांकडे गोष्टी उरतात, विचार करायचं हत्यार उरत नाही. गोष्ट रंगली की शिक्षकालाही वाटतं आज छान झालं. माझं तसं झालंय.

मी १९९८ चं पोखरण घेतो. प्रश्न एकच: चाचणी मे १९९८ मध्येच का? मुलं पहिलं उत्तर देतात, सुरक्षा. पाकिस्तानने ६ एप्रिलला घौरी क्षेपणास्त्र उडवलं, वाजपेयींनी क्लिंटनना लिहिलेल्या पत्रात रोख चीनवर होता. बरं. मग दुसरं, पक्ष: मार्चमध्ये नवं सरकार आलं होतं. मग तिसरं, अणुचाचणीबंदीचा करार १९९६ ला झाला होता, दार बंद होत चाललं होतं. तिन्ही फळ्यावर लिहून मग मी एक कागद पुढे सरकवतो: डिसेंबर १९९५ मध्ये नरसिंह रावांच्या सरकारने तयारी केली होती, अमेरिकन उपग्रहांना ती दिसली, दबाव आला आणि ती थांबली. आता 'पक्ष' हे उत्तर किती टिकतं? आणि चीन तर १९६४ पासून अण्वस्त्रधारी, मग 'सुरक्षा' या उत्तरात 'आत्ताच का' कुठे बसतं? एक उत्तर दुसऱ्याला खोडतं तेव्हा सिद्धांत म्हणजे काय ते मुलांना कळायला लागतं. नावं आणि 'वाद' नंतर द्या. आधी द्याल तर पाठ करतील.

दुसरं, तुमच्या 'कोणाच्या बाजूने' या प्रश्नाबद्दल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला, २५ तारखेला सुरक्षा परिषदेत भारत, चीन आणि अमिराती तटस्थ राहिले. पुढच्या सेमिनारला १८ जर्मन चेहरे माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच हात वर केला नव्हता. मी कारणं सांगायला लागलो: शस्त्रांचे सुटे भाग, युक्रेनमध्ये अडकलेले आपले हजारो विद्यार्थी, १९६१ चा तो नकाराधिकार, सोव्हिएत संघाशी झालेला १९७१ चा मैत्री करार. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही समर्थन करताय." माझा चेहरा पडला, कारण ती थोडी बरोबर होती. मी 'आपण' म्हणत होतो, सर. जर्मनमध्ये. तेव्हापासून वर्गात दोन वेगळे तास ठेवतो: एकात फक्त 'का झालं', दुसऱ्यात 'योग्य होतं का'. पहिल्या तासात कोणी न्याय द्यायला लागला की थांबवतो, पुढच्या तासाला ये म्हणतो. तुम्हालाही मग 'माझी बाजू दुसऱ्या तासाला सांगते' असं म्हणता येईल, आणि सांगाच. लपवलेली बाजू मुलांना लगेच दिसते.

निवृत्त खडू

अर्धवट पीएचडी, टोचलंत, पण बरोबर टोचलंत. आंब्याच्या तासाला मी खरंच आंब्यावरच थांबायचो. मोसमात तर पेटीही यायची.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. महिनाभर गायब होते कारण हे सगळं करून बघत होते. जमलं तेवढं सांगते.

आधी नोट्स दिल्या. पोराचं खरं निघालं, हजेरी तेरावरून सतरावर गेली.

पासपोर्ट अकराजणांनी आणले. एका मुलीने आजोबांचा आणला, कोपरे कातरून रद्द केलेला, शिक्के सगळे मस्कतचे. तो हातोहात फिरत राहिला आणि दोन तास त्यातच गेले. १९८३ च्या कायद्यापर्यंत पोचायला तिसरा तास लागला. ६० तासांत हे बसत नाही, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं मला! पोखरणची तीन उत्तरं एका तासात बसली. १९९५ चा कागद पुढे सरकवला तेव्हा पोलीस भरतीतला एक जण पूर्ण जागा झाला आणि म्हणाला, "मग सगळीच उत्तरं चुकीची का?" मी म्हटलं, अपुरी. तो म्हणाला, पेपरात काय लिहू? तिथे मी अडकले, अजून अडकलेलीच आहे.

टिपण्या आल्या. एकाने 'मा. महोदय, सविनय सादर' अशी सुरुवात करून तिन्ही पर्याय 'आपल्या आदेशार्थ' सोडून दिले, शिफारस नाहीच. ग्रामपंचायतीत कामाला आहे तो. मंत्रालयात नक्की लागेल.

फळ्यावरच्या रेघांत पहिल्या आठवड्यात मीच पुढे होते. सतराजणांचे वडापाव माझ्या खिशातून.

एक प्रसंग मात्र लिहून ठेवते. किनाऱ्याच्या सुरक्षेचा तास होता. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं घेतलं, कारण टाळलं असतं तर ते जास्त दिसलं असतं. शेखाडीचं नाव आलं की श्रीवर्धनकडची मुलं खाली बघतात, गावाचं नाव पुस्तकात फक्त तिथे उतरवलेल्या त्या आरडीएक्ससाठी येतं म्हणून. लाच घेऊन माल सोडल्याबद्दल शिक्षा झालेल्यांत कस्टम्सचे अधिकारीही होते, हे सांगितल्यावर माना जरा वर झाल्या. मग २६ नोव्हेंबर २००८. दहा जण, 'कुबेर' ट्रॉलर, आणि त्यानंतर मच्छीमारांना आलेली बायोमेट्रिक कार्डं, होड्यांना ठरवून दिलेले रंग, नोंदणी, टोकन. मी बोलता बोलता म्हणून गेले, "तर त्यानंतर आपण किनाऱ्यावर कडक तपासणी सुरू केली."

होडीवाला उठला, फळ्याकडे गेला आणि माझ्या नावापुढे रेघ मारली. मग माझं वाक्य बदलून म्हणाला, "तपासणी सरकारने सुरू केली. कार्ड आम्ही दाखवतो."

बसला जाऊन. मी ते वाक्य फळ्यावर तसंच राहू दिलं. पुढच्या तासाला वाणिज्यच्या सरांनी पुसलं.